वितळलेले नमुने

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी धम्मदीपने लॅबचं दार उघडलं, तेव्हा फरशीवर पाणी होतं. कोपऱ्यातल्या डीप फ्रीझरखालून ते येत होतं. तापमान उणे ऐंशी असायला हवं होतं. समोरचा आकडा अधिक अकरा होता.

धम्मदीप चंद्रपूरकडचा. एम.एस्सी.च्या शेवटच्या सहामाहीसाठी पुण्यातल्या या संस्थेत इंटर्न म्हणून आला होता आणि खडकीला मामांच्या क्वार्टरमध्ये राहत होता. लॅबमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन चालायचं. फ्रीझरमध्ये चारशे बारा माणसांचं रक्त होतं. त्यातल्या त्रेसष्ट नळ्या त्याच्याच तालुक्यातल्या. जानेवारीतल्या शिबिरात त्यानेच लोकांना समजावून दंड पुढे करायला लावले होते. चाचण्या जूनमध्ये व्हायच्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी फ्रीझरचा अलार्म वाजू लागला, तेव्हा लॅबमध्ये तो एकटाच होता. त्याने शुभंकरला मेसेज केला. शुभंकर पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होता आणि हे नमुने म्हणजेच त्याचा प्रबंध होता. उत्तर आलं, दार नीट लागलं नसेल, म्यूट कर, सोमवारी बघू. धम्मदीपने दार दाबून पाहिलं, बटण दाबलं आणि बस पकडली.

शैला मॅडम दहाला आल्या. त्या या प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांनी एक नळी उजेडात धरली, पुन्हा ट्रेमध्ये ठेवली.

"अलार्म कोणी बंद केला?"

शुभंकर हातातल्या ट्रेवरची लेबलं बघत राहिला. धम्मदीपने त्याच्याकडे पाहिलं.

"मी केला, मॅडम."

"वा. आपण इंटर्न आहात की इंजिनिअर?"

त्याच्या खिशात मोबाईल होता, मोबाईलमध्ये तो मेसेज होता. त्याने तो काढला नाही. बटण त्याच्याच बोटाने दाबलं होतं, आणि शुभंकरची चार वर्षं त्या पाण्यात गेलेली त्याला दिसत होती. मॅडमनी त्याला सगळं लेखी द्यायला सांगितलं. सर्टिफिकेटचं नंतर पाहू म्हणाल्या. कोणाचं रक्त पुन्हा घेता येईल, त्याची यादी मात्र त्यांना आजच हवी होती.

दुपारी दोघांनी मिळून नळ्या लाल पिशव्यांत भरल्या. नष्ट करण्याआधी त्या वाफेवर निर्जंतुक कराव्या लागतात. मशीन तापत असताना शुभंकर पहिल्यांदा बोलला.

"तो मेसेज डिलीट केलास का?"

"नाही," धम्मदीप म्हणाला. दुसरी पिशवी उचलून शुभंकर आत गेला.

चार वाजता धम्मदीपने गावाकडच्या आशा सेविका हेमाताईंना फोन लावला. तो एकेक नाव वाचत गेला आणि त्या सांगत गेल्या. हा गावातच आहे, हे कुटुंब हैदराबादला कामाला गेलं, ही बाळंतपणाला माहेरी. एकतिसावं नाव रुपालीचं होतं. वय चौदा.

"ते तर होळीच्या आधीच वारली ना बाबू," हेमाताई म्हणाल्या. "तिची माय विमलाबाई मले भेटली की विचारते, पुण्याहून पोरीच्या रक्ताचं काय आलं म्हणून. काय सांगू तिले?"

मी सांगतो, असं म्हणून त्याने नंबर घेतला. मग जिन्यात जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते दोनदा मनात जुळवलं, पण विमलाबाईंनी फोन उचलल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही. फ्रीझर बंद पडला, रक्त खराब झालं, अलार्म वाजत होता तो मी बंद केला, एवढं त्याने सांगितलं. शुभंकरचं नाव घेतलं नाही.

पलीकडे कुठेतरी पंप चालू होता.

"मंग आता तिचं काही समजन नाही?"

"नाही, मावशी."

"धाकट्यालेही तेच आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं घ्या मंग. पण या वेळी तूच ये घ्यायले."

येतो, असं तो म्हणून गेला. नवीन शिबिर होणार की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने यादीत रुपालीपुढे 'नाही' लिहिलं आणि खाली धाकट्याचं नाव जोडलं.

संध्याकाळी मॅडमनी यादी वाचली. उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि त्याच्याकडून लॅबची किल्ली मागून घेतली.