कोवळं वय

चेन्नईच्या कोर्टात टायपिंग करण्यात श्रीरंजनीची एकवीस वर्षं गेली होती. नवा निकाल कोऱ्या पानावर कधी सुरू होतच नसे. तसलाच जुना निकाल कंप्यूटरवर उघडायचा, नाव-पत्ता बदलायचा, की साहेबांच्या सहीला तयार.

आज मुरुगेसनचा निकाल होता. तो तिरुवल्लिकेणीच्या हॉटेलात टेबलं पुसायचा. स्कूटर चोरली, पहिलाच गुन्हा, कबूलही केला. श्रीरंजनीनं गेल्या महिन्यातला पेरुंगुडीच्या इंजिनिअरच्या मुलाचा निकाल उघडला. तशीच स्कूटर, तशीच कबुली. 'आरोपी बावीस वर्षांचा आहे. वय कोवळं आहे, सारं आयुष्य पुढं आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्यात येत आहे.' नाव बदलून तिनं कागद जजसाहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी त्या ओळींवर काट मारली. "हे कशाला ठेवलंत? दोन वर्षं सक्तमजुरी लिहा. असल्या लोकांना जरब बसायला हवी."

श्रीरंजनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकवीस वर्षं ती नुसतं 'येस सर' म्हणत आली होती.

"लिहिते, सर. पण हाही बावीसचाच आहे. याचं वय किती लिहू?"