बासष्ट जणांची तपासणी

मी पुण्यात शास्त्रज्ञ आहे. कापसाच्या तंतूंवर प्रथिनाचा पातळ थर बसवून मी रक्त तपासायची पट्टी तयार केली. बोटाच्या रक्ताचा एक थेंब टाकायचा. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा दोष असला की लाल रेघ उमटते. नवराबायको दोघांतही दोष असला, तर लेकराला तो आजार होऊ शकतो. म्हणून आमच्याकडे लग्नाआधी ही तपासणी करायची.

पट्टी अजून पक्की झालेली नव्हती. माझी विद्यार्थिनी प्रेरणा म्हणाली होती, "सर, चाळीस अंशांच्या वर थर टिकतो का, ते बघायचं राहिलंय." मी म्हटलं, बघू नंतर. मला गावात मिरवायची घाई होती ना! बुद्धपौर्णिमेला दुसरबीडच्या विहारात मांडव टाकून बासष्ट जणांना तपासलं. पट्ट्यांचा डबा दुपारभर गाडीत तापत होता. लोकांनी मला शाल पांघरली, मीही मान ताठ करून ती घेतली. माझी मामेबहीण मयुरी, तिची पट्टी कोरी निघाली. तिचं मेहकरच्या रवीशी जमत होतं, आणि आपल्यात दोष आहे हे त्यानं आधीच सांगितलं होतं. माझ्या शब्दावर लग्न झालं.

पावसाळ्यानंतर प्रेरणानं तो राहिलेला प्रयोग केला. बेचाळीस अंशांत दोन तास ठेवलेली पट्टी दोष असलेल्या रक्तालाही कोरीच राहत होती. त्याच आठवड्यात माणिकमामांचा फोन आला, मयुरीला दिवस गेलेत, माहेरी आलीय. तिची पट्टीही त्याच तापलेल्या डब्यातली होती.

सोमवारी गाव गाठलं. "नेहमीची फेरतपासणी आहे," असं धडधडीत खोटं बोलून मयुरीचं रक्त घेतलं आणि जालन्याला तपासायला दिलं. रिपोर्टाला चार दिवस लागले. ते मी मामांच्या ओसरीवर लोळून काढले. शुक्रवारी कळलं, मयुरीत दोष नाही.

जेवताना मामांनी पाठ थोपटली. "बहिणीसाठी पुण्याहून आला हा! भाऊ असावा तं असा." ताटावरून उठून जावंसं वाटलं. उठलो नाही, भाकरी संपवली.

निघताना मयुरी अंगणात आली. "दादा, खरं सांग. पट्टीत गडबड होती ना?"

"हाव."

"मंग बाकीच्याईचं काय?"

बाकीचे मला आठवले नव्हते, असं मी म्हणणार होतो. पण आठवले होते. मीच त्यांना झटकून टाकलं होतं. इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"शालूबाईच्या छकुलीचं लगन परवा रविवारी हाय," ती म्हणाली. "नवरदेवात दोष हाय, अन् तिची पट्टी कोरी निघाली होती. तुह्या पट्टीवर भरोसा ठेवून बसले ते लोक. मले आजवर वाटलं, तू त्याईच्याकडं जाऊन आला असशील."

शालूबाईंच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. "या साहेब, जय भीम! तुमच्यामुळंच तं जमलं पोरीचं," म्हणत त्या चहा ठेवायला वळल्या.

"काकू, चहा राहू द्या. आधी ऐका," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. शालूबाई मटकन खाली बसल्या. छकुली दारात उभी राहून ऐकत होती.

"रिपोर्टाले किती दिवस लागतात?" तिनं विचारलं.

"चार."

"मंग मयुरीताईचं रक्त कधी घेतलं तुमी?"

"सोमवारी," मी म्हणालो.