अहमदीचे तीन फूट

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, माप घेणारी. गोल चामडी डबी, डबीला पितळेची छोटी मूठ, आणि आत गुंडाळलेली मी. आज मला कोणी हात लावत नाही, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वस्तू जुनी झाली की कोपऱ्यात पडायचीच. पण एकदा माझ्या अंगावरचा आकडा दाखवून एका माणसानं अठरा बिऱ्हाडांच्या डोळ्यांत दिवसाढवळ्या धूळ फेकली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. जाड कापडात पितळेच्या बारीक तारा विणल्या, वर पिवळ्या रंगाचा हात दिला आणि काळ्या शाईनं फूट-इंच छापले. छापणारा म्हातारा कारागीर चष्मा कपाळावरून खाली ओढून एकेक रेघ तपासत असे. पन्नास फूट म्हणजे पन्नास फूट, त्यात केसाचाही फरक नाही, या तोऱ्यात मी मुंबईच्या बाजारात आले. तिथून १९५३ साली आगबोटीनं कुवेतला.

मला हाताळणाऱ्या माणसाचं नाव गफूर. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचा. रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत तो मापारी होता. अहमदीला तेलकंपनीची नवी वस्ती उठत होती, तिथले कितीतरी रस्ते आम्ही दोघांनी मोजले. वाळूच्या वाऱ्यात तो मला ताणून धरायचा, पुसायचा, संध्याकाळी स्वतः हातपाय धुण्याआधी माझी डबी साफ करायचा. "गफूरनं मोजलं ना? मग पुन्हा मोजायला नको," असं त्याचे इंजिनियरसाहेब म्हणायचे. ते ऐकून मला किती फुशारकी वाटायची म्हणून सांगू!

पण एके दिवशी घात झाला. ताज्या डांबरावर माझं टोक पडलं आणि कोणी ओरडायच्या आत वरून रोलर गेला. गफूरनं ओढलं तेव्हा माझे पहिले तीन फूट डांबरातच राहिले. आजही ते अहमदीच्या कुठल्यातरी रस्त्याच्या पोटात असतील.

नियमानं फाटकी टेप स्टोअरमध्ये जमा करायची. पण नवी यायला चार-सहा महिने लागत, आणि साहेब शिस्तीचे मोठे कडक. गफूर घाबरला. त्यानं कोणाला सांगितलं नाही. घरी त्याच्या बायकोनं, शहरबानूनं, टोकाची पितळी कडी तीनच्या आकड्यावर घट्ट शिवून दिली. त्या दिवसापासून गफूर माप घेताना आकडा वाचायचा आणि त्यातून तीन वजा करायचा. "तेरा, अहमदीचे तीन गेले, दहा." असं पुटपुटूनच तो वहीत लिही. एकदाही चुकला नाही. घरात तर तो शब्दच झाला. शहरबानू पडद्याचं कापड मोजायची तीही तसंच म्हणत, "आठ, अहमदीचे तीन गेले, पाच."

ही मंडळी राहायची कुवेत शहराजवळच्या फरवानियाच्या कडेला, ठेकेदार कंपनीनं आपल्या माणसांसाठी बांधलेल्या वसाहतीत. नऊ-नऊ खोल्यांच्या समोरासमोर दोन रांगा आणि मधून बारा फुटांची वाट. वाट सरकारी होती. कंपनीच्या कचेरीतल्या नकाशावर ती हिरव्या रंगानं दाखवली होती आणि तिच्यावर कोणाचंही नाव नव्हतं. त्या वाटेनंच एक दिवसाआड पाण्याची गाडी आत यायची. ड्रायव्हर हुसेन नळी खांद्यावर टाकून प्रत्येक दारातला हौद भरायचा. उन्हाळ्यात ते पाणी म्हणजे वसाहतीचा जीवच.

रस्त्याकडच्या कोपऱ्यावरच्या खोलीत मजीद दुकान चालवायचा. कांदे-बटाटे, साबण, काड्यापेट्या, सुकी मासळी. गोड बोलणारा माणूस. एकदा दुकानापुढं पत्र्याचं छप्पर घालायचं म्हणून तो मला मागून घेऊन गेला. पत्र्यावर मला ठेवून हव्या त्या आकड्याशी कापायची खूण केली, पण अहमदीचे तीन काही हिशेबात धरले नाहीत. पत्रे कापून वर चढवले तर छप्पर तीन फूट आखूड! ऊन थेट कांद्यांवर. आठ दिवस दोन्ही रांगा हसत होत्या आणि मजीदही हसत होता. पण हसता हसता त्यानं ती गोष्ट डोक्यात नीट ठेवून दिली होती, हे मला पुढं कळलं.

१९६३ च्या उन्हाळ्यात, पुरुष कामावर गेलेले असताना, मजीदनं दुकानापुढं सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत घातली. वाटेत तीन फूट पुढं. परवानगी नाही, विचारणं नाही. दोन दिवसांत वर छप्परही आलं आणि आत साखरेची पोती रचली गेली. तिसऱ्या दिवशी हुसेनची गाडी आली. रस्त्यावरून तोंड आत वळवायला लागली तर पुढचं चाक भिंतीला घासलं. त्यानं मागं घेतली, पुन्हा वळवली, पुन्हा तेच. शेवटी खाली उतरून त्यानं हात वर केले. नळी तेवढी लांब नव्हती. मग अठरा बिऱ्हाडांच्या बायका रस्त्यावरून डबे भरून आणू लागल्या. शहरबानू एका पाण्याला सात-सात खेपा घालायची. खांद्याला वळ उठले तिच्या.

लोक मजीदकडं गेले. तो हात जोडून म्हणाला, "वाट बारा फूट हाय ना? बारा फूट मी सोडलीय. कोनालाही आनून मोजा. एक बोट कमी निगाली तर भिंत माज्या हातानं पाडतंय."

आता सांगा, असं बोलणाऱ्याला कोण खोटं म्हणेल?

कंपनीच्या कचेरीतून रियाज नावाचा कारकून मोजायला आला. सकाळची दहाची वेळ, गफूर कामावर. त्या दिवशी त्याच्याकडं मोजणी नव्हती, म्हणून मी घरीच होते. रियाजकडं टेप नव्हती, आणि ते मजीदला आधीपासून ठाऊक असणार. "गफूरभायची टेप घ्या ना," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. "त्येच्या मापावर कोनाचा इश्वास नाय?"

शहरबानूनं मला आनंदानं दिलं. बिचारीला वाटलं, आता खरं बाहेर येणार. मजीदनं माझी कडी स्वतःच्या भिंतीला धरली, रियाजनं मला समोरच्या रांगेपर्यंत ताणलं आणि आकडा वाचला. बारा. मित्रांनो, त्या क्षणी मला चिरकून ओरडावंसं वाटलं. नऊ! नऊ आहेत रे! माझे पहिले तीन फूट माझ्यापाशी नाहीत! पण माझ्या अंगावर जे छापलंय तेवढंच मी सांगू शकते.

पडद्याआडून शहरबानूनं आवाज दिला, "अवो, अहमदीचे तीन काडलंव काय?"

रियाज मुंबईचा, हिंदी बोलणारा. त्याला काही उमगलं नाही. "क्या भाभी, अहमदी का यहाँ क्या काम? ये तो फरवानिया है," म्हणून तो हसला. मजीद तर त्याच्याहून मोठ्यानं हसला. शहरबानू खजील झाली. परक्या माणसासमोर आणखी बोलावं, फाटक्या टेपेची गोष्ट उघडी करावी, तर नवऱ्याची नोकरी जाईल. ती गप्प झाली. रियाजनं कागदावर लिहिलं, 'वाट बारा फूट. तक्रार खोटी.' मजीदनं तो कागद दुकानात खिळ्याला टांगला.

संध्याकाळी गफूरला कळलं तेव्हा तो डोकं धरून बसला. "मी सांगतलं तर साहेब इचारतील, गफूर, चार वरसां फाटक्या टेपनं मोजीत व्हतास? मंग माजे समदे रस्ते खोटे. नोकरी गेली की गावाला."

"आनि नाय सांगतलंव तर?" शहरबानूनं विचारलं.

 चार दिवस तो खाली मान घालून त्या भिंतीजवळून ये-जा करत राहिला. मला त्याचा राग आला. ज्या माणसानं मला इतकी वर्षं जिवापाड जपलं त्याचाच राग आला, हे लपवून काय करू? कोणी म्हणू लागलं, गफूरच मजीदला सामील आहे. मजीद ते ऐकून साळसूदपणे साखर तोलत राहायचा.

चौथ्या दिवशी शेवटच्या खोलीतली ताहिराचाची अर्धा डबा पाणी घेऊन येत होती. साठीच्या पुढची बाई, मुलगा बंदरावर हमाल. त्या अरुंद वाटेत समोरून हातगाडी आली, ती बाजूला सरली, ठोकळ्याला अडखळली आणि पाणी सगळं वाळूत गेलं. ती तिथंच बसली. गफूर धावला. मला वाटलं, आता ही त्याला चार शब्द सुनावणार, आणि सुनावावेतच. पण ती त्याचा हात धरून उठली आणि म्हणाली, "मला वाटत व्हतं वाट चिंचोळी झालीय. पन तुज्या टेपनं बारा सांगतलंन ना रे बाबा? मंग बाराच असल. माजेच डोळे गेले."

गफूर तिचा डबा उचलून रस्त्याकडं वळला. तो भरून त्यानं तिच्या दारात ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता तो मला घेऊन बलदियात गेला. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. बाहेर बसलेल्या अर्जनवीसाकडून त्यानं अरबीत अर्ज लिहून घेतला. 'सरकारी वाटेवर भिंत आहे, आणि ज्या टेपनं ती लपवली ती टेप माझी आहे, तीन फूट फाटकी आहे, हे मी लपवलं,' असं गफूरनं त्यात कबूल केलं. खाली अंगठा नाही, सही. तीही स्वच्छ.

तीन दिवसांनी बलदियाचे अधिकारी आले. अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात लोखंडी टेप, एका बाजूला फूट आणि दुसऱ्या बाजूला मीटर. दोन्ही रांगा बाहेर आल्या. रियाजही आला. अधिकाऱ्यांनी वाट मोजली. नऊ. मजीदनं खिळ्यावरचा कागद पुढं केला. तेव्हा त्यांनी मला मागितलं, वाळूवर लोखंडी टेपेशेजारी पसरलं आणि कडीला कडी लावली. तिच्या नऊपाशी माझे बारा आले. सगळ्यांनी वाकून पाहिलं.

अधिकारी मोडक्या हिंदीत गफूरला म्हणाले, "तुम्हारा टेप झूठा है."

"साहेब, टेप झूठा नहीं," गफूर म्हणाला. "टेपवाला चुप बैठा."

मजीदनं लगेच सूर बदलला. "बगा, म्हंजे फसवलं गफूरनं! टेप फाटकी हाय त्ये मला काय ठाव? मी साधा दुकानदार मानूस."

तेव्हा शहरबानू पदर सावरून सरळ वाटेत येऊन उभी राहिली. आजवर परक्या पुरुषासमोर न बोललेली बाई. "मजीदभाय," ती म्हणाली, "तुमचं छप्पर तीन फूट आखूड पडलं, तवा त्ये कोनाच्या टेपनं पडलं? तवा आठ दीस हसत व्हतंव. आता इसरलंव?"

 दोन्ही रांगांतून एकदम गलका उठला. छप्पर तर सगळ्यांनी पाहिलं होतं! रियाजनं कपाळावर हात मारला. "तो भाभी ने उस दिन यही पूछा था," तो म्हणाला आणि स्वतःचा कागद स्वतः फाडला. अधिकाऱ्यांनी मजीदला तीन दिवसांची मुदत दिली. त्यानं भिंत पाडली, पण एकही ठोकळा उचलला नाही. ते रांगेतल्या माणसांनी शुक्रवारी मिळून उचलले, आणि शनिवारी हुसेनची गाडी थेट ताहिराचाचीच्या दारापर्यंत आली.

इथं गोष्ट गोड शेवटावर थांबवता आली असती. पण मी मापाची वस्तू आहे, उरलेलं सांगितलं नाही तर तेही खोटंच. कंपनीनं गफूरच्या सगळ्या वह्या तपासायला घेतल्या. सहा महिने तपासल्या. एकाही मापात चूक सापडली नाही. तरी मोजणीचं काम त्याला परत मिळालं नाही, डांबराच्या पिंपांवर पाठवलं. मला त्यांनी 'निरुपयोगी' म्हणून यादीतून काढलं, आणि गफूरनं मागून घेऊन घरी आणलं. मजीदचं दुकान मात्र चालूच राहिलं. सकाळ-संध्याकाळ त्याच लोकांना तो तितकंच गोड बोलत राहिला. माझा जळफळाट होतो तो यासाठी.

एकदा ताहिराचाचीनं गफूरला विचारलं, "बाबा, माज्यापायी तुजं काम गेलं. पस्ताव व्हतो काय रे?"

"व्हतो, चाची," तो म्हणाला. "त्या चार दिसांचा व्हतो."

मित्रांनो, मला तेल लावा, पुसून ठेवा, असं काही मी तुमच्याकडं मागत नाही. तुमच्या वसाहतीतही सगळ्यांची म्हणून एखादी जागा असेल. ती कोणी गिळायला लागला तर आधी माप घ्या, आणि आपलं माप कुठं कमी आहे तेही न लाजता सांगा. पण सांगायचं ते पहिल्याच दिवशी सांगा. तुम्ही गप्प बसता ते दिवस कोणातरी म्हातारीला पाणी वाहून काढावे लागतात.