धर्मशाळेवरचं नाव

देवेश दुकानात शिरला तेव्हाच माझं डोकं फिरलं. हातात पेढ्यांचा पुडा आणि तोंडभर हसू. भिसेगावात मी पितळी अक्षरं कापून देते. जुन्या इमारतींची कामं पार माथेरानहून माझ्याकडे येतात. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बसा म्हणते. याला म्हटलं नाही.

माझी शकूआत्या मागच्या पडवीत वाल सोलत बसली होती. देवेश तिच्या दिराचा मुलगा. खालापूरजवळ त्यांच्या गावात एक जुनी दगडी धर्मशाळा आहे. ती पडायला आली तेव्हा आत्याने अंगावरचे दागिने मोडून तिच्यावर छप्पर घातलं. पुढे नवरा गेला आणि दिराने तिला भर गावासमोर घराबाहेर काढलं. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. तिकडून कुणी साधी विचारपूसही केली नाही.

आता त्या धर्मशाळेला म्हणे वारसा इमारतीचा मान मिळतोय. छप्पर घालणारीचं नाव दारावर पितळेत लावा, आणि बाई हयात असेल तर नावावरचा पडदा तिच्याच हातून सरकवून घ्या, असं वरच्या साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून हे पेढे.

देवेशने कागद पुढे केला. त्यावर 'विनिता' लिहिलं होतं. लग्नात तांदळात अंगठीने लिहून ठेवलेलं आत्याचं सासरचं नाव. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. मी कागद नेऊन आत्यासमोर ठेवला, तोही मागोमाग आला.

आत्याचा सोलता हात थांबला नाही. "हे नाव तुज्या आज्यानं ठेवलं. तुज्या बापानं मला काढताना सांगितलं, आमच्या घरचं नाव पुन्यांदा लावायचं नाय."

बाबा तर गेले, आता जुनं कशाला उकरायचं, असं काहीबाही तो बोलत राहिला. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्यानं शेवटाला ज्या नावानं हाक मारली ते लाव. अवदसा. सगल्या गावानं ऐकलं हाय."

देवेश माझ्याकडे बघू लागला. मी तिची समजूत घालीन असं त्याला वाटलं असावं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी कोरा कागद ओढला, ती चार अक्षरं मोठी आखून त्याच्या हातात दिली आणि दगडाला भोकं पाडायला कधी येऊ, असं विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. मग तो हळूच म्हणाला, "काकी, तुजं म्हायेरचं नाव लावतो. मंग येशील ना?"

"लाव की."

त्याने कागद उलटा केला, पेन काढलं आणि तसाच राहिला. आत्याने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हाईत नाय ना रं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने मला हातानेच गप्प केलं. पेढ्यांचा पुडा त्याच्याकडे सरकवला.

"जा. गावात कुनाला ठावं हाय का, इचारून ये."