शेळीची मान खालीच धरा

मित्रांनो, दीपालीने लातूरच्या दुकानातून मला मुखेडजवळच्या वाडीत आणलं, त्याला आता पाच वर्षं झाली. मोबाईलच्या हिशेबाने मी म्हातारा. काचेला तडा गेलाय, बॅटरी दुपारीच मान टाकते, पण ऐट काही कमी झालेली नाही.

दीपालीच्या सासूबाई नागाबाई म्हणजे शेळ्यांच्या दुखण्यातल्या जाणकार. शेळीचं पोट फुगलं की लोक आधी त्यांनाच हाक मारत. दीपाली माझ्यावर त्यांचे व्हिडिओ काढायची, पण पाहणारे जेमतेम तीस-चाळीस. मग तिला कळलं, की हल्ली लोक व्हिडिओ शोधत बसत नाहीत, एआयलाच विचारतात. ते ज्याचं नाव घेईल त्याचाच व्हिडिओ चालतो. ते व्हिडिओखाली लिहिलेलं वाचतं आणि त्याला थोडक्यात उत्तर आवडतं, असंही कुणीतरी सांगितलं. नागाबाई सात मिनिटं बोलल्या होत्या. दीपालीने खाली एकच ओळ लिहिली: शेळीचं पोट फुगलं तर गोडं तेल पाजा.

पंधरा दिवसांत एआय नागाबाईंचं नाव सांगू लागलं. पाहणारे हजारावर गेले. नागाबाई मला पदराने पुसू लागल्या आणि मी तर हवेतच होतो.

मग बाजाराच्या दिवशी सासू-सुना मुखेडला गेल्या होत्या, तिथे लोह्याचे गुरुपादप्पा नागाबाईंना शोधत आले. त्यांनी एआयचं उत्तर उघडून आपला मोबाईल पुढे केला.

"मावशी, हे तुमीच सांगितलं नव्हं? तोंड वर धरून तेल पाजलं. ठसका लागला अन् शेळी हातातच गेली. गाभण होती."

नागाबाई दीपालीकडे वळल्या. "मान वर करू नका म्हणलं होतं की मी. म्हणलं होतं का न्हाई, दीपे?"

दीपालीने मला बाहेर काढलं. तो व्हिडिओ लावला. चौथ्या मिनिटाला नागाबाई स्वच्छ सांगत होत्या: मान खालीच धरा, घोट घोट पाजा, उतार पडला न्हाई तर डाक्टरला बोलवा.

"हे म्या पाह्यलंच न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले. "उत्तर मिळालं, मग व्हिडिओ कशाला उघडू?"

मी गारच पडलो. ते शब्द माझ्या पोटात होते आणि शेळी मेली होती.

दीपालीने तिथेच ओळ बदलली. आधी मान लिहिली, मग तेल. लगेच एआयला विचारलं. त्याने जुनंच सांगितलं, वर नागाबाईंचं नावही घेतलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"माझं नाव घेऊन बोलायलंय," नागाबाई म्हणाल्या, "अन् माझंच ऐकंना."

मित्रांनो, चार लोकांनी पाहावं म्हणून कुणाचं बोलणं अर्धं करू नका. आणि झटपट उत्तर मिळालं, तरी ज्याचं नाव त्यात आहे त्याचं शेवटपर्यंत ऐका. दीपाली आता रोज सकाळी एआयला तोच प्रश्न विचारते. आज सतरावा दिवस. शेळ्या सोडता सोडता नागाबाई दारातून विचारतात, "मान म्हणतंय का गं?"

"अजून न्हाई, आत्या."