दात येताना

"क्या-क्या दिया है इसको?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि खोलीतली तिन्ही मोठी माणसं एकदम टेबलावरच्या, कानाच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघू लागली.

आठ महिन्यांची ओजस्विनी, म्हणजे घरातली ओजू, आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. परवापासून अंगात सणसणीत ताप होता, वर जुलाब. आणि परवापासून घरात एकच पालुपद चाललं होतं, दातांचं आहे, जाईल आपोआप. हे पालुपद आजोबांनी, म्हणजे रामकृष्णांनी सुरू केलं होतं. आज सकाळी लेकरू डोळे उघडेना तेव्हा गाडी काढा म्हणून ओरडलेही तेच होते. मोहालीच्या एरोसिटीतल्या घरापासून चंदीगडच्या या दवाखान्यापर्यंत त्यांनी तिचा तळवा आपल्या मुठीतून सोडला नव्हता.

"बताइए ना. घुट्टी, गोली, कुछ तो दिया होगा?"

"कुछ नहीं," तिघांनी एका सुरात सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या झबल्याची बटणं काढली. गळ्यात मधासारख्या रंगाच्या मण्यांची बारीक माळ निघाली.

"और ये?"

देवयानीचा चेहरा लालबुंद झाला. मोहालीच्या कंपनीत हाताखाली दहा माणसं असलेली ही सूनबाई, घरात कोणी नजर लागण्याचं नाव काढलं तरी हसायची. "अंबर आहे ते, राळेचे मणी," ती मराठीतच म्हणाली. "म्हणजे… ऑनलाइन मिळतं. हिरड्या दुखत नाहीत म्हणे त्यानं."

"देवी, तू?" तिच्या नवऱ्याला, सर्वेशला, तशातही हसू आलं. "तू इंजिनिअर आहेस यार!"

"आणि तुझ्या ऑफिसच्या बॅगेतली ती गोड गोळ्यांची बाटली? मला दिसली नाही असं वाटतं तुला?"

आता सर्वेशची पाळी होती. तो डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात होता आणि त्याचं कामच मुळी गोळ्या तपासण्याचं. कागदावर सिद्ध झाल्याशिवाय तो चहात आलंसुद्धा मानायचा नाही. पण कारखान्यातल्या कोणा मित्रानं होमिओपॅथीची बाटली हातात ठेवली आणि हा पठ्ठ्या रोज सकाळी बायकोची अंघोळ चालू असताना लेकीच्या जिभेवर दोन गोळ्या ठेवत होता.

मग दोघांनी मिळून रामकृष्णांकडे पाहिलं.

"थोडा जेष्ठमध, वो मुलेठी, घिसके दिया, डॉक्टरसाब," रामकृष्णांनी कबूल केलं. "हिरडी को लगाया. और वो… बाजू की पंजाबी दादी, बीजी है ना हमारी, वो दोपहर को शहद में सुहागा लगाती थी. मेरे को ना बोलने को नहीं आया."

ते खरंच होतं. उदगीरजवळच्या गावात पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेल्या या माणसाला मराठीत कोणाला नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं, तिथं हिंदीत कुठलं जमणार? बायको गेली, गिरणी पुतण्याला दिली आणि वर्षापूर्वी ते लेकाकडे राहायला आले. घरातली दोघं कामाला गेली की दिवसभर ते आणि ओजू. वरून विमान गेलं की दोघं मिळून त्याला टाटा करायचे.

"चार लोग, चार इलाज और एक बेचारी बच्ची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. कात्रीनं त्यांनी माळ कापली आणि मणी कचऱ्याच्या डब्यात टाकले. एक मणी घशात गेला असता तर, एवढंच त्या देवयानीला म्हणाल्या, आणि तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. आणि सुहागा, म्हणजे टाकणखार, तो तर मोठ्यांच्याही पोटात जायच्या लायकीचा नाही. गोड गोळ्यांबद्दल त्यांनी सर्वेशला फक्त विचारलं की तुमच्या कारखान्यात ही बाटली पास झाली असती का, आणि सर्वेश आपल्या बुटांकडे बघत बसला.

मग त्यांनी ओजूच्या कानात बॅटरी धरून पाहिलं. उजवा कान आतून लाल झाला होता. एवढा ताप आणि जुलाब दातांनी येत नाहीत, त्यांनी समजावलं. याच वयात दात येतात आणि याच वयात मूल मिळेल ते तोंडात घालतं, म्हणून दोष दातांवर जातो आणि खरा आजार तसाच राहतो. औषध लिहून देऊन त्यांनी साखर-मिठाची पुडी पाण्यात कालवली आणि चमचा देवयानीच्या हातात दिला. "पिलाइए. थोड़ा-थोड़ा, बार-बार."

ओजूनं पहिला चमचा घेतला. मग दुसऱ्यासाठी आपणच तोंड पुढं केलं. ती अधाशासारखी पीत राहिली.

रामकृष्णांना ते बघवेना आणि नजरही हलवता येईना. त्यांना शैलजाचे ओठ दिसत होते. सर्वेशच्या आधीची त्यांची मुलगी. तीही एवढीच होती. असेच जुलाब, असाच ताप. जुलाबात पाणी द्यायचं नाही असं तेव्हा सगळे म्हणत आणि सगळे तसंच करत. ते पोर त्यांच्या बायकोच्या, शशिकलाच्या, ओल्या पदराचं टोक चोखत होतं आणि रामकृष्णांच्या आईनं तोही पदर काढून घेतला होता. आईची माया कमी होती असं नाही. नातीच्या मागं तीही फार दिवस जगली नाही.

शैलजा दात येताना गेली, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं. त्याचं कारणही ठरवलं. शशिकला भावाच्या लग्नाला माहेरी गेली आणि घुटीची डबी घरी विसरली. लग्नाच्या गडबडीत लेकराला घुटी मिळाली नाही, म्हणून दात अडकले. कोणी तोंडावर बोललं नाही, पण बारशाला, हळदीकुंकवाला बायका आपापली लेकरं तिच्यापासून जरा लांब धरू लागल्या. पुढं सर्वेश झाला, शिकला, लांब नोकरीला लागला, तरी शशिकलाच्या मनातली ती डबी काही गेली नाही. शेवटच्या आजारपणात, शुद्ध हरपत असतानाही ती एकच विचारायची, "डबी घेतली का हो?"

"डॉक्टरसाब," रामकृष्ण एकदम म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "दाँत आते टाइम… बच्चा जाता है क्या? मतलब, दाँत से?"

सर्वेशनं चमकून वडिलांकडे पाहिलं. आपल्याला एक बहीण होती एवढंच त्याला माहीत होतं. तिच्याविषयी घरात कधी कोणी बोलत नसे.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या पोरसवदाच होत्या, देवयानीच्याच वयाच्या, पण प्रश्न कुठून आला हे त्यांना उमगलं असावं.

"नहीं अंकल जी. दाँत से कोई बच्चा नहीं जाता. पानी ख़त्म होने से जाता है, बुख़ार से जाता है. पुराने ज़माने में तो डॉक्टर भी यही लिख देते थे, दाँत."

"और घुट्टी नहीं दिया तो?"

"घुट्टी से दाँत आते नहीं हैं. तो न देने से रुकेंगे कैसे?"

इतकं साधं होतं ते. सगळा जन्म शशिकलानं जे उराशी धरून काढला, ते इतकं साधं होतं, आणि सांगायला आता ती नव्हती.

"हाथ धोइए अंकल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इधर आइए. आपको कुछ दिखाती हूँ."

त्यांनी ओजूचा खालचा ओठ अलगद खाली ओढला आणि बॅटरी धरली. गुलाबी हिरडीच्या आत, कातडीखाली, एक पांढुरकी रेघ होती. तांदळाच्या कणीएवढी. बाई म्हणाल्या, बोट लावून बघा. रामकृष्णांनी अंगठ्याशेजारचं बोट लावलं. याच बोटावर घेऊन त्यांनी उभा जन्म पीठ तपासलं होतं, जाडं पडतंय की बारीक. त्या बोटाला मऊ हिरडीखालची ती धार बरोबर लागली.

"ये आज नहीं बना है. माँ के पेट में ही बनना शुरू हो गया था. दूध के बीसों दाँत. जिस दिन ये पैदा हुई, सब अंदर थे. कोई आगे, कोई पीछे."

"सगळे?" रामकृष्ण मराठीतच म्हणाले.

"सगळे," डॉक्टरीणबाईंना कळलं होतं. "अब ये अपने टाइम पर आएँगे. बस साफ़ उँगली से मसूड़ा सहलाइए, ठंडा गीला कपड़ा चबाने दीजिए, गोद में रखिए."

परतीच्या वाटेवर सर्वेश आणि देवयानी एकमेकांवर लटकं रागावत राहिले, आणि ताप उतरू लागलेली ओजू झोपून गेली. रामकृष्ण मागच्या सीटवर तिच्याकडे बघत होते. त्यांच्या आयुष्यात हात लावल्याशिवाय काही झालं नव्हतं. पट्टा चढवावा तेव्हा गिरणी फिरायची, दगडाला छिन्नीची टाकी लावावी तेव्हा दळण पडायचं. आणि इथं आईचं तोंडसुद्धा बघितलं नसताना, पोटातल्या अंधारात, या एवढ्याशा जबड्यात भाकरी चावायची तयारी चालू झाली होती. कोणी काही उगाळलं नव्हतं, कोणी काही बांधलं नव्हतं. मंदिरात जाऊन जे कधी वाटलं नाही ते त्यांना त्या गाडीत वाटलं, आणि त्यांनी नकळत हात जोडले. आरशातून सर्वेशनं ते पाहिलं.

ओजू दोन-तीन दिवसांत खडखडीत बरी झाली. बीजी मात्र रुसल्या. शेजारच्या दारातून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मैंने अपने चारों को यही लगाया. चारों हट्टे-कट्टे हैं जी!"

रामकृष्ण आपणहून त्यांच्याकडे गेले. जाताना त्यांनी ओजूला कडेवर घेतलं होतं. "बीजी, दाँत आपने भी नहीं लाया, मैंने भी नहीं लाया," ते म्हणाले. "वो खुद आ रहा है. अपन तो खाली बाजू में बैठे."

बीजींनी दार पूर्ण उघडलं. "तो बैठो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ओजूला मांडीवर ओढून घेतलं. सुहाग्याचं नाव पुन्हा निघालं नाही. हिंदीत नाही म्हणायची रामकृष्णांची ती पहिलीच वेळ होती.

पुढच्या रविवारी सकाळी देवयानी ओजूला मऊ खिचडी भरवत होती. मध्येच ती थांबली. तिनं रिकामा चमचा पुन्हा ओजूच्या तोंडात घातला. टक्.

"सर्वेश! अरे सर्वेश, वाजला! चमचा वाजला!"

मग काय विचारता, घर डोक्यावर घेतलं दोघांनी. नाशिकला देवयानीच्या आईला व्हिडिओ कॉल झाला. वरचा की खालचा, हे तिनं आधी विचारून घेतलं, कारण वरचा आधी आला तर मामाला जड असतो. खालचाच आहे म्हटल्यावर मामाचा जीव भांड्यात पडला. सर्वेश म्हणाला, माझ्या गोळ्यांचा गुण आहे हा, आणि देवयानीनं त्याला चमचा फेकून मारला.

रामकृष्णांनी स्वच्छ हात धुतले आणि ओजूला मांडीवर घेतलं. तिनं लगेच त्यांचं बोट तोंडात ओढलं आणि करकचून चावलं. बोटाला एक बारीक, धारदार कड लागली. परवापर्यंत आत होती, आता बाहेर आली होती. कोणाला न विचारता ती वर आली होती. त्यांनी बोट काढलं नाही. दुखत होतं, तरी राहू दिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

देवयानीनं फोन ठेवला आणि ती त्यांच्याजवळ खाली बसली. दवाखान्यातल्या त्या प्रश्नापासून तिच्या मनात काहीतरी घोळत होतं, पण विचारावं की नाही हे कळत नव्हतं.

"अण्णा, तिचं नाव काय होतं?"

"शैलजा," ते म्हणाले. कित्येक वर्षांत हे नाव घरात मोठ्यानं उच्चारलं गेलं नव्हतं. सर्वेश दारात येऊन उभा राहिला.

"तुझ्या सासूचं काई चुकलं नव्हतं गं," रामकृष्ण म्हणाले. "डबी ऱ्हायली त्यानं काई झालं नव्हतं. लेकराला पानी पायजे होतं. आमाला कुनालाच ठावं नव्हतं. बिचारी जलमभर सोताला बोल लावत बसली."

देवयानीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. ओजू बोट चघळत होती.

"तिला दात आले होते का, अण्णा?" तिनं हलकेच विचारलं.

रामकृष्णांनी नातीचा खालचा ओठ अंगठ्यानं जरासा खाली केला. गुलाबी हिरडीवरचा तो एवढासा पांढरा ठिपका ते बघत राहिले.

"दिसले नव्हते," ते म्हणाले. "पर होते गं. सगळे होते."