घर क्रमांक चौदा, तिसरी ओळ

आई गेली त्या दिवशी मी वहीत कामांची यादी केली. दाखला, अंत्यविधीची तारीख, पेन्शनवाल्यांना फोन, तिचे चष्मे धर्मादाय दुकानात, फ्रीजमधलं दूध. एकूण तेवीस कामं निघाली. बर्नलीच्या नोंदणी कार्यालयात मी एकतीस वर्षं मृत्यूच्या नोंदी लिहिल्या, त्यामुळे कुठलं काम कशाच्या आधी करायचं हे मला कोणी शिकवायला नको. समोर बसलेल्या माणसापुढे मी टिश्यूचा डबा सरकवायचे आणि मेलेल्याची जन्मतारीख विचारायचे. आता डबा माझ्याच स्वयंपाकघरात टेबलावर होता आणि त्याला हात लावायची वेळ येत नव्हती.

चॅपेलमध्ये रडू आलं नाही. नंतर हॉलमध्ये लोकांना हॅम सँडविच वाढतानाही आलं नाही. लोक म्हणाले, लोरेन किती खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं, त्याला मी काय करू?

"थोडं रडून घे की गं," क्लिफ म्हणाला. क्लिफ माझा नवरा. दोन दिवस तो माझ्याकडे चोरून बघत होता.

"यादीत नाहीये ते."

तो हसला नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

एकोणिसावं काम होतं आईची ओळ उघडण्याचं. एकोणीसशे एकोणचाळीसच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा सरकारने घरोघर जाऊन माणसं लिहून घेतली. ते रजिस्टर आता वेबसाइटवर आहे. आमच्याकडे निवृत्त झालेला निम्मा गाव आपलं कूळ शोधण्याच्या नादाला लागलेला आहे. उरलेला निम्मा बागेत खुरपत असतो. मी पहिल्यांतली. त्या रजिस्टरात ज्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली नाहीत आणि ज्याच्या मरणाची खबर त्यांच्यापर्यंत पोचली नाही, त्याच्या ओळीवर काळी पट्टी असते. नाव नाही, जन्मतारीख नाही. 'ही नोंद बंद आहे' एवढंच. मृत्यूचा दाखला पाठवला की पट्टी काढतात.

कॉब्डन टेरेस, घर क्रमांक चौदा. पहिली ओळ विल्फ हारग्रीव्ज, कापड गिरणीत विणकर, माझा आजोबा. दुसरी ओळ अ‍ॅनी, माझी आजी. तिच्यापुढे 'बिनपगारी घरकाम' असं लिहिलेलं. तिसरी ओळ काळी. ती आई, तेव्हा सात वर्षांची, एकुलती एक.

त्या पट्टीकडे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. पट्टी आहे म्हणजे आई आहे, असा माझा साधा हिशेब. एकदा आईला लॅपटॉपवर दाखवलीही होती.

"ही बघ, ही तू."

तिने चष्मा लावून पाहिलं, काढून ठेवला. "असेल," म्हणाली. मग म्हणाली, "चहा टाकतेस का?"

तर मी अर्ज भरला. नाव हिल्डा. जन्मतारीख, मृत्यूची तारीख. मृताशी नातं: मुलगी. दाखल्याची प्रत जोडली. चार मिनिटांत काम झालं आणि मी एकोणीसवर काट मारली.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. तुम्ही पाठवलेला तपशील या ओळीतल्या व्यक्तीशी जुळत नाही.

माझं डोकं फिरलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी झालं, आणि झाला तो संताप. मी त्यांना खरमरीत पत्र लिहिलं, की मृत्यूच्या नोंदी कशा वाचतात हे मला शिकवू नका, माझी हयात त्यात गेली आहे. त्यांनी फार गोड भाषेत कळवलं की आम्ही पुन्हा तपासलं, तिथे दुसरी व्यक्ती आहे.

बुधवारी लायब्ररीत आमचा कूळशोध गट भरतो. महागड्या वेबसाइट तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट बघता येतात, शिवाय बिस्किटं असतात. गटाचा म्होरक्या नॉर्मन डकवर्थ, वय ऐंशी, एके काळचा बस ड्रायव्हर. त्याला सगळं माहीत असतं, आणि सगळं माहीत आहे हे आपल्यालाही माहीत असावं अशी त्याची इच्छा असते.

"चूक त्यांची नसणार," पत्र वाचून तो म्हणाला.

"मग कोणाची, माझी?"

"तुझी म्हणायची माझी टाप आहे का? आईचा जन्मदाखला आणलायस?"

"घरी आहे. छोटा."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

छोट्या दाखल्यावर आईबापांची नावं नसतात. पुष्कळ लोक उगाचच तो घेतात, त्यात काही नाही. पण एखादी म्हातारी पिशवीतून घडी घातलेला छोटा दाखला काढायची आणि मोठा हरवला म्हणायची, तेव्हा मी ओळखायचे. दत्तक. मी कधी बोलून दाखवलं नाही, तेवढी माणुसकी होती. आईचा दाखला मात्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता, हजारदा हातातून गेला होता, आणि एकतीस वर्षांत मला एकदाही शंका आली नव्हती. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसण्याचा पगार घेणारी बाई मी.

नॉर्मन माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मग त्याने चष्मा सारखा केला. "आजीचं माहेरचं नाव काय?"

"सेगर."

जन्माच्या यादीत आईचं माहेरचं नाव घालून शोधता येतं. त्याने एका बोटाने हारग्रीव्ज आणि सेगर टाइप केलं. बर्नली, वर्षं एकोणीसशे पंचवीस ते चाळीस. एकच नाव आलं. मॅरियन, एकोणीसशे तीस. हिल्डा कुठेच नव्हती.

"वर्षं बदलून बघा."

त्याने बदलून पाहिली. मॅरियनच आली.

"मृत्यूची यादी बघू का?" त्याने हळू विचारलं. नॉर्मनला हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"बघा."

मॅरियन हारग्रीव्ज, वय दहा, एकोणीसशे चाळीसची शेवटची तिमाही.

"पण मग पट्टी कशी?" नॉर्मन म्हणाला. "इतकी जुनी गेलेली. ही उघडी असायला हवी."

"लढाईत लिहायचं राहिलं असेल."

"राहिलं ते राहिलं. तिच्यासाठी दाखला पाठवणारं आता आहे कोण?" मग त्याने जीभ चावली आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

मी घरी चालत आले. मॅरियनला मी ओळखत होते.

दर वर्षी ईस्टरच्या शनिवारी आई मला कबरस्तानात न्यायची. बादली, घासायचा ब्रश आणि पिवळ्या डॅफोडिलची जुडी. कोपऱ्यात गुडघ्याएवढा दगड आहे, त्यावर 'आमची मॅरियन, वय १०' एवढंच. आडनाव नाही. आई गुडघे टेकून तो दगड घासायची, अक्षरांतलं शेवाळ पिनने काढायची. आजी-आजोबांची राख उधळलेली, त्यांचा दगडच नाही, म्हणून आमच्या घराण्याला घासायला हाच एक दगड.

"कोण आहे ही?" मी लहानपणी विचारलं होतं.

"शेजारच्यांची. त्यांचं कोणी उरलं नाही."

"मग आपण का करायचं?"

"तिचा कोट मी वापरलाय," आई म्हणाली होती. मला ते पटलं. आमच्या गल्लीत सगळेच एकमेकांचे जुने कोट घालायचे.

ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत ती आली. शेवटची दोन वर्षं खुर्चीत बसून मला सांगायची, डावीकडे राहिलंय, डावीकडे घास.

मी दोन कागद मागवले. पहिला मॅरियनचा मृत्यूचा दाखला. घटसर्प, साथीच्या रोगांचं हॉस्पिटल, नऊ डिसेंबर. खबर देणारा विल्फ हारग्रीव्ज, वडील, मृत्यूसमयी हजर. 'मृत्यूसमयी हजर' हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. लिहिताना मी पुढचा माणूस किती वाजता आहे ते बघायचे.

दुसरा आईचा दत्तक दाखला. न्यायालयाचा हुकूम, ऑगस्ट एकोणीसशे एक्केचाळीस. मुलगी हिल्डा, दत्तक घेणारे विल्फ आणि अ‍ॅनी हारग्रीव्ज. आधीचं आडनाव त्यावर नसतं. नऊ डिसेंबर ते ऑगस्ट. आठ महिन्यांत त्या घरात दुसरी मुलगी आली होती, नऊ वर्षांची, सगळं कळणारी. त्याच पलंगावर झोपली असेल. कोट तर घातलाच.

"म्हणजे तुझ्या आईची ओळ?" क्लिफने विचारलं.

"दुसऱ्या कुठल्या तरी पानावर, दुसऱ्या आडनावाखाली. अनाथाश्रमात असेल, नाहीतर कोणाच्या घरी. पट्टी असणारच. शंभर वर्षं झाली की आपोआप उघडेल, पण ती आईच आहे हे कोणाला कळणार?"

"शोधता येईल ना? ती थुंकी पाठवायची डीएनए तपासणी असते."

"नको."

"राग आलाय तुला तिचा?"

मी विचार केला. आला होता, पण फार नाही. ब्रश हातात धरून दर वर्षी 'शेजारच्यांची' म्हणत होती, याचा आला होता. बाकी जागा कोरडीच होती. आई गेली, मग आई आजीची नव्हती हे कळलं, आणि मी दोन्ही कागद फाइलमध्ये लावून वर चिकटपट्टीवर नाव लिहिलं. असं करणाऱ्या बाईला काय म्हणायचं मला माहीत नाही.

ईस्टरच्या शनिवारी आम्ही कबरस्तानात गेलो. क्लिफने बादली धरली. मी डावीकडे नीट घासलं. पिन विसरले होते, म्हणून कानातल्याच्या टोकाने शेवाळ काढलं. डॅफोडिल ठेवले. गार वारा होता, क्लिफ म्हणाला चल आता, आणि आम्ही निघालो.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. पुन्हा तोच अर्ज. नाव मॅरियन हारग्रीव्ज. जन्म तीन एप्रिल एकोणीसशे तीस, मागाहून मागवलेल्या तिच्या जन्मदाखल्यावरून. मृत्यूची तारीख. दाखल्याची प्रत. मग ती चौकट आली: मृताशी नातं.

पहिल्या वेळी त्या चौकटीत माझा एक सेकंदही गेला नव्हता. आता मी बोटं उचलून बसले.

"कोणीच नाही असं लिहून चालतं का?" क्लिफने मागून विचारलं. "तसं रक्ताचं काहीच नाही तुमचं."

"दत्तक मूल पोटच्यासारखंच. कायदाच आहे तसा." हे मी लोकांना काउंटरवरून शेकडो वेळा सांगितलेलं. "आईची ती बहीण."

"एकमेकींना कधी न पाहिलेल्या."

"असू देत."

मी लिहिलं: भाची. आणि अर्ज पाठवला.

नऊ दिवसांनी ओळ उघडली. न्याहारीच्या वेळी मी पान काढलं. घर क्रमांक चौदा. विल्फ हारग्रीव्ज, विणकर. अ‍ॅनी हारग्रीव्ज, बिनपगारी घरकाम. मॅरियन हारग्रीव्ज, तीन एप्रिल एकोणीसशे तीस, शाळेत. तिन्ही ओळी उघड्या. काळं काही उरलं नाही, आणि आई त्या घरात कुठेच नव्हती.

मला आईचं ते चष्मा लावून बघणं आठवलं. मी बोट ठेवून म्हटलं होतं, ही तू. हो म्हणाली असती तर कोण विचारणार होतं? तिने त्या मुलीचे आईबाप घेतले, खोली घेतली, कोट घेतला, सगळं घ्यावंच लागलं. ओळ मात्र तिने घेतली नाही. असेल, म्हणाली, आणि चहा मागितला. मी उठून चहा टाकला होता.

माझ्या घशातून कसला तरी आवाज निघाला. मग दुसरा निघाला, मग ते थांबेना. क्लिफ टोस्टला लोणी लावत होता. त्याने सुरी खाली ठेवली आणि टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवला. त्याने मला काही विचारलं नाही.